विजयदुर्गावरचे हेलियम : एका लोकप्रिय गोष्टीची तपासणी

कोकणातल्या शाळांतून गेली काही वर्षे एक गोष्ट मोठ्या आवडीने सांगितली जाते. १८ ऑगस्ट १८६८ रोजी नॉर्मन लॉकियर हे इंग्रज शास्त्रज्ञ विजयदुर्ग किल्ल्यावर आले, तिथल्या ‘साहेबाच्या ओट्यां’वर दुर्बिणी मांडून त्यांनी खग्रास सूर्यग्रहण पाहिले आणि हेलियम या मूलद्रव्याचा शोध लावला, अशी ती गोष्ट. १८ ऑगस्टला गडावर हेलियम दिन साजरा होतो, मुलांच्या सहली जातात, भाषणे होतात, वर्तमानपत्रांत लेख येतात. विजयदुर्ग त्या काळी रत्नागिरी जिल्ह्यात होता. १९८१ साली सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला तेव्हा तो तिकडे गेला. त्यामुळे आम्हा रत्नागिरीकरांनाही या गोष्टीचा अभिमान वाटावा, यात नवल नाही.

विज्ञानाच्या निमित्ताने मुले गड चढतात, हे उत्तमच आहे. अडचण अशी की, या गोष्टीतला माणूस खरा, जागा खरी, ग्रहणही खरे आणि शोधही खरा. पण या चार खऱ्या गोष्टींची सांगड मात्र चुकीची घातली गेली आहे. ही चूक निव्वळ सनावळीची असती तर तीवर एवढी पाने खर्चण्याचे कारण नव्हते. पण या चुकीच्या सांगडीमुळे एक महत्त्वाचा प्रश्न झाकला जातो. दूरदेशीचे संशोधक आपल्या भूमीवर येऊन काम करतात तेव्हा खर्च कोणाचा असतो, श्रेय कोणाला मिळते आणि ते परत गेल्यावर मागे काय उरते, हा तो प्रश्न. म्हणून गोष्ट नीट तपासून पाहू.

१८६८ : कोण कुठे होते?

१८ ऑगस्ट १८६८ च्या ग्रहणाचा खग्रास पट्टा एडनवरून येऊन भारताचे दख्खन ओलांडून पुढे सयामकडे गेला. कोकणाचा हा किनाराही त्या पट्ट्यात होता. परंतु ऑगस्ट महिना म्हणजे इथला भर पावसाळा. बंदरे बंद, होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारलेल्या, आणि सूर्याचे दर्शन म्हणजे नशिबाचा भाग. जे ग्रहण पाहण्यासाठी युरोपातून हजारो मैलांचा प्रवास करायचा ते पाहायला कोणी मुद्दाम पावसाळ्यातल्या कोकणात येईल का, हा प्रश्न इथल्या सहावीतल्या मुलालाही विचारता येईल. सनावळी न उघडता केलेली ही पहिली तपासणी.

आता नोंदी पाहू. फ्रान्सचे पिएर जान्सेन गुंटूरला होते. त्यांचा मुक्काम तिथल्या एका फ्रेंच व्यापाऱ्याच्या घरी होता. ब्रिटिश सर्वेक्षण खात्यातले मेजर टेनंट यांचे पथकही गुंटूरलाच होते. मद्रासच्या सरकारी वेधशाळेचे नॉर्मन पॉग्सन मच्छलीपट्टणला गेले होते, तर त्यांच्याच वेधशाळेतले सहायक चिंतामणी रघुनाथाचारी यांच्या नेतृत्वाखाली एक पथक निजामाच्या मुलखात वनपर्तीला होते. आपल्याला जवळचे ठिकाण म्हणजे पटवर्धनांचे जमखंडी संस्थान. तिथे विल्यम हर्शेल यांचे नातू लेफ्टनंट जॉन हर्शेल यांनी रॉयल सोसायटीने पुरवलेली उपकरणे मांडली होती. घाटमाथ्याच्या पलीकडे असूनही तिथे ढगांनी खूप त्रास दिला. ढगांच्या फटींतून मिळाले तेवढेच पाहावे लागले.

आणि लॉकियर? ते इंग्लंडमध्ये होते. व्यवसायाने ते लंडनच्या युद्ध खात्यात कारकून होते आणि फावल्या वेळात खगोलशास्त्राचा अभ्यास करीत. सूर्याच्या कडेवरच्या ज्वाला ग्रहण नसतानाही वर्णपटदर्शकातून दिसू शकतील, अशी त्यांची कल्पना होती. त्यासाठी हवे असलेले शक्तिशाली उपकरण घेण्यास त्यांना रॉयल सोसायटीमार्फत सरकारी अनुदान मिळाले, पण उपकरण हाती येण्यास बराच विलंब झाला. ते आले १६ ऑक्टोबर १८६८ ला, म्हणजे ग्रहण होऊन दोन महिने उलटल्यावर. लगेच २० ऑक्टोबरला लंडनमध्ये, ग्रहण नसलेल्या सूर्याच्या कडेला, लॉकियर यांना त्या ज्वालांच्या तेजस्वी रेषा दिसल्या.

जान्सेन यांनाही गुंटूरला ग्रहणाच्या वेळी रेषा इतक्या ठळक दिसल्या की, त्या ग्रहणाशिवायही दिसतील हे त्यांनी ताडले आणि दुसऱ्याच दिवशी ते सिद्ध करून दाखवले. त्यांनी काकिनाड्याहून धाडलेले पत्र आणि लॉकियर यांचे पत्र ही दोन्ही पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे २६ ऑक्टोबर १८६८ च्या एकाच बैठकीत आली. दोघांनी स्वतंत्रपणे एकच पद्धत शोधली होती. फ्रेंच सरकारने १८७२ साली दोघांच्या प्रतिमा असलेले पदक काढले.

इथे थोडे थांबायला हवे. लॉकियर यांचे मोठेपण नेमके कशात आहे? ग्रहणाची वाट न पाहता, घरबसल्या, सूर्याचे असे निरीक्षण करता येते हे त्यांनी दाखवले यात. त्यांना १८६८ साली विजयदुर्गावर ग्रहण पाहायला बसवले की त्यांचे हे खरे श्रेयच आपण काढून घेतो! आदर दाखवण्याच्या नादात केलेला हा अन्याय आहे.

पिवळी रेषा आणि शोधाची लांबी

‘हेलियमचा शोध एका दिवशी एका जागी लागला’ हे वाक्यही असेच फसवे आहे. सोडियमच्या ज्योतीतल्या दोन पिवळ्या रेषांची तरंगलांबी ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटर आहे. सूर्यज्वालांतली पिवळी रेषा ५८७.६ नॅनोमीटरवर येते. फरक दीड-दोन नॅनोमीटरचा. ग्रहणाच्या पाच-सहा मिनिटांच्या धांदलीत, अंधारात, ढगांच्या फटींतून पाहताना हा फरक लक्षात येणे किती कठीण असेल? जमखंडीला हर्शेल यांना लाल, नारिंगी आणि निळी अशा तीन रेषा दिसल्या. नारिंगी रेषा त्यांनी सोडियमचीच धरली. मच्छलीपट्टणच्या पॉग्सन यांनी ती सोडियमच्या जागी किंवा तिच्या जवळपास असल्याची नोंद केली. रेषा वेगळ्या जागी आहे हे निश्चित झाले ते लॉकियर यांनी पुढे सवडीने घेतलेल्या मोजमापांतून. त्यांनी आणि रसायनशास्त्रज्ञ फ्रँकलंड यांनी प्रयोगशाळेत हायड्रोजनवर प्रयोग करून पाहिले, पण ती रेषा काही मिळेना. मग नव्या मूलद्रव्याची कल्पना पुढे आली आणि सूर्याच्या ग्रीक नावावरून त्याला हेलियम म्हणू लागले. पृथ्वीवर हेलियम हाती आले ते थेट १८९५ साली, विल्यम रॅम्झी यांना, क्लीव्हाइट या युरेनियमयुक्त खनिजातून. म्हणजे ‘रेषा दिसली’ इथपासून ‘वायू बाटलीत आला’ इथपर्यंत २७ वर्षे गेली आणि त्यात अनेक देशांतल्या अनेकांचा वाटा होता.

यातली पॉग्सन यांची कथा शिक्षकांनी अवश्य सांगावी. त्यांचा अहवाल मद्रास सरकारने छापला, पण तो युरोपातल्या विद्वानांपर्यंत फारसा पोहोचला नाही. जान्सेन यांचे पत्र मात्र पॅरिसच्या अकादमीत वाचले गेले. दोघेही पूर्व किनाऱ्यावरच होते आणि ग्रहणही एकच होते. निरीक्षण करणे आणि ते योग्य ठिकाणी, योग्य वेळी प्रसिद्ध होणे ही दोन वेगळी कामे आहेत, आणि श्रेय बहुधा दुसऱ्या कामावर ठरते.

१८९८ : लॉकियर खरेच आले तेव्हा

लॉकियर विजयदुर्गाला आलेच नाहीत असे मात्र नाही. ते आले, पण तीस वर्षांनी. २२ जानेवारी १८९८ चे खग्रास ग्रहण कोकण किनाऱ्यावरून देशात शिरले आणि ईशान्येकडे गेले. जानेवारीतले कोरडे, निरभ्र आकाश आणि गलबताला आत घेणारी विजयदुर्गची खाडी, ही जागा निवडण्यामागची कारणे कोकणातल्या माणसाला समजावून सांगायला नकोत. रॉयल सोसायटी आणि रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटी यांच्या संयुक्त ग्रहण समितीने आखलेल्या मोहिमांपैकी ही एक होती. ब्रिटिश नौदलाची ‘मेल्पोमेनी’ ही युद्धनौका मदतीला होती. तिच्यावरच्या अधिकाऱ्यांना आणि खलाशांना आधी तालीम देऊन दुर्बिणी, घड्याळे, कॅमेरे आणि प्रभामंडळाची चित्रे काढणे अशी कामे वाटून दिली होती. गडावरचे साहेबाचे ओटे आहेत ते या मोहिमेचे.

मुख्य काम होते भिंगापुढे लोलक बसवलेल्या कॅमेऱ्यांनी सूर्याच्या कडेचा वर्णपट टिपण्याचे. चंद्र सूर्यबिंब पूर्ण झाकतो त्या क्षणी, सूर्याच्या वातावरणाचा पातळ थर तेवढा उघडा राहतो आणि एरवी काळ्या दिसणाऱ्या रेषा क्षणभर तेजस्वी होतात. त्यांची छायाचित्रे विजयदुर्गावर मिळाली आणि त्यांत हेलियमच्या रेषाही होत्या. तेव्हा विजयदुर्ग आणि हेलियम यांचा संबंध अगदीच काल्पनिक नाही. पृथ्वीवर हेलियम सापडल्यानंतर अवघ्या तीन वर्षांनी, सूर्यावरच्या हेलियमची नोंद इथे झाली. ‘शोध’ या शब्दापुढे ‘नोंद’ हा शब्द फिका वाटतो खरा. पण विज्ञानाचा बहुतेक व्यवहार अशा नोंदींवरच चालतो, आणि हे मुलांना कळले तर सहलीचे सार्थक झाले.

आता आपल्या प्रश्नाकडे वळू. मोहिमेचा अहवाल रॉयल सोसायटीने प्रसिद्ध केला. लेखक म्हणून त्यावर नावे आहेत ती लॉकियर, जहाजाचे कप्तान चिसम-बॅटन आणि कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातले प्राध्यापक पेडलर यांची. कोकणातले एकही नाव त्यांत नाही. उपकरणे आणि काचपट्ट्या जहाजातून परत गेल्या. गडावर राहिले ते ओटे. गावात ना शाळेला एखादे उपकरण मिळाले, ना कोणाला वर्णपट वाचायची विद्या. खग्रास अवस्था सुमारे दोन मिनिटांची होती. सहकार्यही जवळजवळ तेवढ्याच मुदतीचे ठरले.

यासाठी लॉकियर यांना दोष देण्याचे कारण नाही. ते आपल्या देशाच्या पैशाने, आपला प्रश्न घेऊन आले होते आणि त्यांनी काम चोख केले. प्रश्न आपण काय सांगतो आणि काय विसरतो याचा आहे.

जेऊरचा विसरलेला धडा

कारण त्याच दिवशी, त्याच पट्ट्यात, सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊर येथे वेगळेही काही घडत होते. तिथे अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेल आले होते. त्यांच्याजवळ चाळीस फूट लांबीचा प्रचंड कॅमेरा होता आणि मोहिमेचा खर्च क्रॉकर या कॅलिफोर्नियातल्या धनिक घराण्याने दिला होता. जपानचेही पथक होते. दुष्काळ नुकताच सरला होता आणि मुंबई-पुण्यात प्लेग चालू होता. अशा वर्षी हे सारे इथे जमले होते.

याच जेऊरला पुण्याच्या सायन्स कॉलेजचे प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला आपले पथक घेऊन आले होते. त्यांची पुण्यातली महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा उभी राहिली ती भावनगरच्या महाराजांनी १८८२ साली दिलेल्या ५,००० रुपयांवर आणि मुंबई सरकारने घातलेल्या तेवढ्याच रकमेच्या भरीवर. तिथली वीस इंची परावर्तक दुर्बीण त्या काळी देशातली सर्वांत मोठी होती. जेऊरच्या निरीक्षणांचा अहवाल नायगमवाला यांनी स्वतःच्या नावाने १९०२ साली प्रसिद्ध केला. पैसा इथला, प्रश्न इथल्या माणसाने हाती घेतलेला, अहवालावर नाव इथले, आणि परदेशी पथके शेजारी असल्याने विचारांची देवघेव खुली. दूरच्या प्रदेशांतले सहकार्य बरोबरीचे कसे असू शकते, याचा हा महाराष्ट्रातला जुना नमुना आहे. तो आपल्या किती शाळांत सांगितला जातो?

अर्थात यालाही दुसरी बाजू आहे. १९१२ साली नायगमवाला निवृत्त झाले आणि वेधशाळा बंद झाली. दुर्बीण आणि इतर उपकरणे कोडाईकनालला गेली. एका माणसावर उभे असलेले काम त्याच्याबरोबर संपले. म्हणजे पैसा आणि श्रेय इथले असले तरी तेवढ्याने भागत नाही. पुढची पिढी तयार व्हावी लागते आणि ते काम शाळा-कॉलेजातल्या शिक्षकांचे असते.

चार प्रश्न

या सगळ्यातून कोणत्याही संशोधन-सहकार्याला विचारण्याजोगे चार प्रश्न निघतात. प्रश्न कोणी ठरवला? पैसा कोणी दिला? निष्कर्षांवर नाव कोणाचे आले? आणि काम संपल्यावर उपकरणे, माहिती आणि विद्या यांपैकी काय मागे उरले?

आजच्या उदाहरणांना हे प्रश्न लावून पाहावेत. पुणे जिल्ह्यात खोडदजवळ प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून, भारताच्या पैशाने ती उभी राहिली आणि २००२ पासून जगभरच्या खगोलवेत्त्यांना खुली झाली. तिच्यावर काम करायचे तर परदेशी संशोधकालाही पुण्याकडे प्रस्ताव पाठवावा लागतो आणि गुणवत्तेवर वेळ मिळवावा लागतो. विजयदुर्गाच्या ओट्यांपासून इथपर्यंत वाहतुकीची दिशा बदलली आहे.

हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभारण्याचा प्रकल्प तर मुळातच सहकार्याचा आहे. शोधयंत्राचे मुख्य भाग अमेरिकेचे. जागा, इमारती, चार किलोमीटर लांबीच्या दोन निर्वात नळ्या आणि चालवणारी माणसे भारताची. भारत-अमेरिका करार २०१६ साली झाला आणि २०२३ साली केंद्र सरकारने २,६०० कोटी रुपये मंजूर केले. इथे यंत्र परत जाणार नाही, हा १८९८ च्या तुलनेत मोठा फरक आहे. पण चौथा प्रश्न इथेही विचारायलाच हवा. औंढ्याच्या आसपासच्या शाळांतली किती मुले त्या वेधशाळेत काम करण्याजोगी तयार होतील? याचे उत्तर करारात सापडणार नाही. ते वर्गात घडवावे लागेल.

आणि आपली रत्नागिरी? इथल्या सड्यांवरची कातळशिल्पे सुधीर रिसबूड, धनंजय मराठे यांच्यासारख्या स्थानिक शोधकांनी गावोगाव पायपीट करून उजेडात आणली. २०२२ साली कोकणपट्ट्यातली नऊ ठिकाणे युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली. त्यांतली सात रत्नागिरी जिल्ह्यातली आहेत. आता दूरचे अभ्यासक येतील, निधीही येईल, आणि यायलाही हवा. या खेपेस पहिला शोध इथल्या माणसांचा आहे. शंभर वर्षांनी एखाद्या शाळेत कातळशिल्पांची गोष्ट सांगितली जाईल, तेव्हा या पायपिटीची जागा परदेशी साहेबाच्या नावाने भरलेली नसावी, एवढी खबरदारी आजच्या नोंदींतून घेता येईल. ज्या गावाच्या सड्यावर चित्र आहे तिथल्या शाळेने त्याचे मोजमाप, नकाशा, दाखवणाऱ्या गावकऱ्यांची नावे आणि तारखा एका वहीत नीट लिहून ठेवाव्यात. याला कोणाच्या अनुदानाची गरज नाही.

शेवटी विजयदुर्गाविषयी. हेलियम दिन बंद करावा असे मुळीच नाही. १८ ऑगस्टला मुलांना जमखंडी, गुंटूर, मच्छलीपट्टण आणि लंडन नकाशावर शोधायला लावावे. आणि २२ जानेवारीला, स्वच्छ आकाशात, गडावर न्यावे. फळ्यावर किंवा फलकावर पुढचा मजकूर लिहिला तर खोटे काही राहणार नाही आणि अभिमानही कमी होणार नाही :

‘२२ जानेवारी १८९८ रोजी या गडावरून खग्रास सूर्यग्रहणाचा अभ्यास झाला. हेलियमची रेषा सूर्यप्रकाशात ओळखणाऱ्यांपैकी एक, नॉर्मन लॉकियर, त्या मोहिमेचे प्रमुख होते. इथे घेतलेल्या वर्णपटांत हेलियमच्या रेषांची नोंद झाली. त्याच दिवशी जेऊर येथे पुण्याचे प्राध्यापक कावसजी नायगमवाला यांनी याच ग्रहणाचा स्वतंत्र अभ्यास केला.’